सत्तावीस श्वास

पद्मजाच्या हातून काही पडलं नव्हतं. ती ओरडली नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणीही आलेलं नव्हतं. हेमांगीने फक्त विचारलं होतं, "पद्मा, तू खरंच बरी आहेस ना गं?" आणि ओट्यावरचा फोन वाजला.

पद्मजाने पिठाच्या हातानेच तो उचलला. "हं... नाही, काही नाही... अक्का आलीय जयसिंगपूरहून... होय की, दिला चहा... नाही हो, घाबरेन कशाला? दूध घेऊन जिना चढले, म्हणून असेल."

फोन ठेवून ती पुन्हा भाकरी थापू लागली.

"कोण होतं?" हेमांगीने विचारलं.

"हे. दुसरं कोण?"

"आणि दूध घेऊन जिना कधी चढलीस तू? मी येऊन अर्धा तास झाला. इथंच उभी आहेस."

पद्मजाचे हात थांबले नाहीत. नुसती हनुवटी छताकडे उडवली. छताला चहाच्या बशीएवढी पांढरी चकती चिकटवलेली होती. हेमांगीने येताना दिवाणखान्यात तशीच एक पाहिली होती आणि धुराचा इशारा देणारं यंत्र असेल म्हणून सोडून दिली होती. आता तिने चष्मा सारखा करून नीट पाहिलं. कडेला बारीक अक्षरांत 'सोबत' असं लिहिलेलं होतं.

"तुझ्या प्रश्नानं माझा ठोका वाढला," पद्मजा म्हणाली. "त्यांच्या फोनवर दिसला. सासूबाईंच्या पण. त्या खालच्या मजल्यावर असतात ना. काळजी वाटते त्यांना."

'काळजी' हा शब्द तिने ताटातला खडा बाजूला काढावा तसा उच्चारला.

"ही ऐकते काय?"

"ऐकत नाही, बघत नाही. नुसतं मोजते. श्वास, ठोका, झोप, कूस किती वेळा बदलली, न्हाणीत किती वेळ लागला." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "इथं नको अक्का. बोलायला लागलं की वाढतोय. रविवारी बस्तीत ये, तिथं बोलू."

बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. हेमांगीने मान हलवली. चकती कशी मोजते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सात वर्षांपूर्वी तिनेच ती बनवली होती.

निघायच्या आत अभिनंदन घरी आला. अभिनंदन मगदूम, पद्मजाचा नवरा, सांगलीतला बिल्डर. आवाज कधी न चढवणारा, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारा. हातात चिकूंची पिशवी होती.

"या अक्का, बसा की. सूर्य मावळायच्या आत जेवूनच जायचं." मग तो हसला. "तुम्ही तर यातल्या जाणकार. तुम्हाला दाखवायलाच पाहिजे."

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर पद्मजाचा लग्नातला फोटो आणि त्याखाली एक आकडा होता.

"हा स्वास्थ्य-अंक. शंभरपैकी. हिचा मागल्या महिन्याचा एकेचाळीस. सगळ्या इमारतीत सगळ्यात कमी. आमच्या वॉचमनच्या बायकोचा बासष्ट आहे अक्का, आणि तिचा नवरा दारू पितोय." तो पुन्हा हसला. "काय कमी आहे इथं सांगा."

"हिला विचारून बसवलं काय हे?"

"घर माझ्या नावावर आहे. घरप्रमुखाची सही लागते. एकच." त्याने फोन खिशात घातला. "आमचा एक वकील मित्र म्हणतो, या नोंदी पुढं कोर्टात सुद्धा चालतील. बाई मनानं अस्थिर आहे हे सांगायला आता डॉक्टरच पाहिजे असं राहिलं नाही. वेळ येऊ नये, म्हणूनच तर लक्ष ठेवतो."

पद्मजा चिकू धूत उभी होती. नळ वाहत राहिला. अभिनंदनच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो काढून पाहिला आणि प्रेमाने म्हणाला, "बघा, आत्ता वाढला. नुसतं बोललं तरी वाढतो."

हेमांगी जेवायला थांबली नाही. अंकलीच्या पुलावर तिने स्कूटर कडेला घेतली. खाली कृष्णा संथ होती. अप्पा, म्हणजे तिचे वडील, म्हणत असत, 'राग आला की आधी सत्तावीस श्वास मोज. त्यानंतर उरला तर तो खरा राग. मग त्याला काम दे.' तिने सत्तावीस मोजले.

उरला.

*

हेमांगी शिरगुप्पेचं जयसिंगपुरात चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचा आणि फ्रेमा, मागच्या खोलीत तिचा छंद: सोल्डरिंग गन, वायरींची भेंडोळी, जुन्या डब्यांत लहानमोठे सर्किट बोर्ड. लग्न केलं नव्हतं, अप्पा असेपर्यंत त्यांच्याबरोबर राहत होती. रविवारी दुपारी सांगलीत रफीक मुजावरांच्या गॅरेजमध्ये तिच्यासारखे आठदहा हौशी लोक जमत. कुणी आपोआप झाडांना पाणी घालणारं यंत्र आणी, कुणी टाकी भरली की मोटार बंद करणारं. मुजावर वीज कंपनीतून निवृत्त झाले होते आणि गटाचे दोन नियम त्यांनीच घातले होते. पहिला, जे बनवाल ते सगळ्यांना फुकट आणि उघडं द्यायचं. दुसरा, यंत्रात चाचणी पाहिजेच. "चाचणी दाखवल्याशिवाय चहा नाही," असं ते म्हणत, आणि खरोखरच देत नसत.

अप्पा न्हाणीत घसरून पडले तेव्हा हेमांगीने काम सुरू केलं. कॅमेरा तिला नको होता. शाळेत मुख्याध्यापक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला न्हाणीत कॅमेरा लावायचा नसतो. तिने रेडिओलहरी वापरल्या. छतावरच्या छोट्या बोर्डातून क्षीण लहर सोडायची. ती माणसाच्या छातीवर आपटून परत येते. माणूस कितीही स्थिर बसला तरी श्वासाबरोबर त्याची छाती काही मिलिमीटर पुढेमागे होते, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर दोनचार केसांच्या जाडीइतकी. परत आलेली लहर तेवढीच सरकलेली असते. तो सरकलेला अंश मोजला की काळोखातही, अंगावर पांघरूण असतानाही श्वास आणि ठोका कळतो. माणूस पडला, उठला, निजला हे तर सहज. काही दिवस मोजत राहिलं की यंत्र माणसामाणसांतला फरकही ओळखू लागतं, कारण दोन माणसं सारखा श्वास घेत नाहीत.

मुजावरांच्या दुसऱ्या नियमासाठी तिला एक खात्रीचा श्वास हवा होता. तराजू तपासायला प्रमाणित वजन लागतं, तसं. माहीत असलेला श्वास यंत्राला ऐकवायचा आणि आकडे बरोबर येतात का पाहायचं. तिने आधी स्वतःचा नोंदवायचा प्रयत्न केला, तर नाकाला खाज सुटली. मुजावर बसले, त्यांना तंबाखूची आठवण आली. मग लक्षात आलं की न हलता बसणारा माणूस घरातच आहे. अप्पा रोज संध्याकाळी सामायिकाला बसत. सामायिक म्हणजे दोन घटका, पाऊण तासाहून थोडं जास्त, सगळं बाजूला ठेवून समभावाने स्थिर बसायचं. नऊ वेळा णमोकार मंत्र, एका णमोकाराला तीन श्वास. सत्तावीस झाले की अप्पा एक लांब श्वास घेत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत. नोंदीत तो ठेका घड्याळासारखा उमटला. फक्त मध्यावर एका ठिकाणी श्वास अडखळला होता. त्या दिवशी पद्मजा माहेरी आलेली होती आणि तिच्या हातून पितळेचं पातेलं पडलं होतं. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण श्वासाला कळलं.

हेमांगीने ती नोंद तशीच ठेवली आणि आराखड्यासोबत वाटली. बोर्डावरचं बारीक बटण लागोपाठ तीनदा दाबलं की यंत्र खोलीकडे लक्ष देणं थांबवी आणि दोन घटका अप्पांचा श्वास ऐके. नंतर आपोआप पूर्ववत. दुसरं बटण मोठं होतं, लाल. ते अप्पांच्या उशाशी असे. नको वाटलं की त्यांनी दाबावं, यंत्र झोपी जाई. फुकट वाटलेल्या आराखड्यावर हेमांगीने एक अट घातली होती: ज्याचा श्वास, त्याच्या हातात बटण.

यंत्राने अप्पांना एकदा वाचवलं. पुढे तीन वर्षांनी ते गेले ते वयाने, झोपेत. तोवर एका कंपनीने तो आराखडा उचलला होता. चकती गुळगुळीत झाली, जाहिरात आली: 'घर जागं आहे. तुम्ही निजा.' विमा कंपन्यांनी चकती असलेल्या घरांना हप्त्यात सवलत दिली, आणि मग बिल्डर ती प्लॅस्टरच्या आधीच छतात बसवू लागले.

*

अंकलीच्या पुलावरून आल्यावर हेमांगीने सगळ्यांत आधी कंपनीला फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"माझ्या बहिणीच्या घरातलं यंत्र तिला बंद करायचं आहे."

"नक्की मदत करते मॅडम. घरप्रमुखांची परवानगी आहे का?"

"तिच्या श्वासाला तिची परवानगी लागते."

"अगदी बरोबर मॅडम. त्यांचं नाव घरप्रमुख म्हणून नोंदलेलं आहे का?"

"नाही."

"मग त्या 'सदस्य' आहेत. सदस्यांना सगळ्या सुविधा मिळतात मॅडम. फक्त बंद करायची सोय नाही."

"ती सोय होती. लाल बटण होतं. तुम्ही काढलंत."

"मॅडम, तुमचा आवाज थोडा तणावात वाटतोय. आमची एक श्वसनाची मोफत कार्यशाळा आहे..."

हेमांगीने फोन ठेवला, बाजारात जाऊन एक 'सोबत' विकत आणली आणि मागच्या खोलीत तिचं झाकण पेचकसाने उचकटलं. आत चकाकणारा नवा बोर्ड होता, पण त्यावरची मांडणी पाहताच तिला ती ओळखीची वाटली. स्वतःचं अक्षर दुसऱ्याच्या पत्रात सापडावं तशी. लाल बटणाची जागा रिकामी होती. लहान बटण मात्र होतं. झाकणाच्या कडेला एक भोक ठेवलेलं होतं, सुई जाईल एवढंच. कारखान्यातही यंत्र तपासायला लागतंच. मुजावरांचा दुसरा नियम कंपनीने पाळला होता.

तिने पदराची सेफ्टी पिन काढली आणि भोकात तीनदा दाबली. समोरच्या संगणकावर रेघ सरळ झाली, थरथरली आणि वरखाली होऊ लागली. हेमांगी मोजत बसली. सत्तावीस. लांब श्वास. सत्तावीस. लांब श्वास. मध्यावर पातेलं पडलं.

अप्पा. देशातल्या प्रत्येक छतात, आणि कुणालाच पत्ता नाही. ज्या घरांतल्या बायका फोन वाजला की दचकतात, त्या घरांच्याही छतात.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.

*

रविवारी बस्तीच्या ओवरीत पद्मजा चप्पल बाजूला ठेवून खांबाला टेकून बसली. इथे छताला काही नव्हतं, नुसती कबुतरं.

"दिवाळीनंतर मी एकदा निघाले होते," ती म्हणाली. "धारवाडची सुनंदा आठवते ना, माझी मैत्रीण? तिच्या शाळेत गणिताची जागा होती. आजही आहे. मी कुणाला बोलले नाही, लिहिलं नाही. माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढले, आणि फोन. 'काय झालं पद्मा, एवढी का घाबरलीस?' बॅग हातात पण घेतली नव्हती अक्का. पाच मिनिटांत सासूबाई वर, दहा मिनिटांत दीर गेटवर. सगळे गोड बोलत होते. 'चक्कर आली असेल, एकटीनं कुठं जाऊ नको.'" ती थांबली. "कुलूप नाही गं घराला. कुलूप असतं तर मी फोडलं असतं. माझं मन ठरवायच्या आत त्यांना कळतंय. मग मी ठरवणंच सोडून दिलं. ठरवलं की ठोका वाढतोय."

हेमांगीने बहिणीच्या हातावर हात ठेवला. "तुला जायचं आहे?"

"आहे."

"मारतो का गं तो?"

"मारलं असतं तर तुला दाखवता तरी आलं असतं." पद्मजा हसली आणि मग हसणं तिच्या तोंडावरच विझलं.

हेमांगीने तिला पिन, भोक आणि अप्पांबद्दल सगळं सांगितलं. "दिवाणखान्यातली मुख्य चकती. चपलांच्या कपाटावर चढलीस की हात पोचतो. तीनदा. की सगळ्या घराच्या चकत्या दोन घटका अप्पांना ऐकतात. पण पहिल्याच दिवशी पळायचं नाही. यंत्र म्हणेल, हा श्वास कुणाचा? ते विचारेल."

"कुणाला?"

"घरप्रमुखाला."

पद्मजाच्या आधी लक्षात आलं. "ते हो म्हणतील," ती हळूच म्हणाली. "मी सामायिकाला बसते म्हटल्यावर त्यांना आनंदच होईल. सासूबाई तर पेढे वाटतील."

झालंही तसंच. दुसऱ्या संध्याकाळी, जेवणं आटपून सासूबाई बस्तीत गेल्यावर, पद्मजाने बांगडीतली पिन काढली. अभिनंदनच्या फोनवर संदेश आला: 'पद्मजा यांच्या श्वासात नवा नमुना दिसतो आहे. त्या ध्यानाला बसल्या आहेत का?' त्याने 'हो' दाबलं. यंत्राने शिकून घेतलं: असा संथ श्वास, या वेळी, म्हणजे पद्मजा.

त्या पहिल्या दोन घटका पद्मजा न्हाणीच्या दारात बसून मोठ्याने रडली. चकती बसल्यापासून पहिल्यांदाच तिच्या रडण्याची कुठे नोंद झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती रडली नाही, खिडकीत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिने बॅग काढली, उघडली आणि पुन्हा माळ्यावर ठेवली, नुसती काढता येते का ते पाहायला. छातीत धडधड झाली. फोन वाजला नाही.

महिना संपता संपता तिचा अंक त्र्याहत्तरवर गेला. सासूबाईंनी बस्तीत चारचौघींत सांगितलं, "धर्माला लागली की सून वळणावर येते." अभिनंदनने तिला साडी आणली.

*

ठरलेल्या संध्याकाळी मुजावरांची जुनी गाडी सांगलीत गल्लीच्या तोंडाशी उभी होती. हेमांगी मागे बसली होती. "गाडी बंद पडली तर?" तिने विचारलं.

"पडली तर तुम्ही दोघी ढकला," मुजावर म्हणाले. "तीस वर्षं सरकारी जीप चालवलीय बाई, त्यापुढं ही नवरी आहे."

पद्मजा आली ती भाजी आणायला निघाल्यासारखी. पायात घरातल्या चपला, खांद्याला एक कापडी पिशवी. बॅग तिने शेवटी घेतलीच नव्हती. फोन घरी, देवघरासमोर ठेवला होता. वॉचमनने मान डोलावली, कारण त्याला कुणाचा फोन आलेला नव्हता. गाडी मिरज स्टेशनच्या रस्त्याला लागली.

अर्धा रस्ता झाला आणि हेमांगीचा फोन वाजला. पडद्यावर अभिनंदनचं नाव होतं.

पद्मजाचा चेहरा पांढरा झाला. हेमांगीने बोट ओठांवर ठेवलं आणि आवाज मोठा करून फोन घेतला, तिलाही ऐकू जावा म्हणून.

"अक्का, कशा आहात? त्या दिवशी तुम्ही रागावून गेलात." आवाज नेहमीसारखाच मधाळ होता. "म्हटलं, तुम्हाला चांगली बातमी द्यावी. आत्ता मी साइटवर आहे, आणि समोर लाइव्ह बघतोय. हिचं सामायिक चाललंय. ठोका किती सांगा? अठ्ठावन्न!"

"असं?"

"कंपनीचे लोक परवा आले होते. म्हणाले, तुमच्या घराची गोष्ट जाहिरातीत घेऊ. एकेचाळीसवरून त्र्याहत्तर. मी म्हटलं, आमच्या अक्कांचा पण फोटो घ्या. मूळ कल्पना त्यांचीच. माझं मन मोठं आहे अक्का." तो हसला. "तुम्ही विचारलं होतं ना, हिला विचारलं काय म्हणून? आता बघा. विचारत बसलो असतो तर ही शांती आली असती काय?"

हेमांगीच्या ओठांवर वाक्य येऊन थांबलं होतं: तो माझा बाप आहे. ज्याच्या श्वासावर तू फुशारकी मारतोस तो माझा बाप आहे, आणि तुझी बायको माझ्या शेजारी बसली आहे. ती श्वास मोजायला लागली.

"अरेच्चा," अभिनंदन मध्येच म्हणाला. "अक्का, श्वास अडखळला. एकदम. काहीतरी झालं. थांबा, तिला फोन करून विचारतो."

देवघरासमोरचा फोन वाजत राहणार होता. कुणी उचलणार नव्हतं. पाच मिनिटांत सासूबाई, दहा मिनिटांत दीर, आणि मिरज स्टेशनचा रस्ता एकच. पद्मजाने डोळे मिटून घेतले होते.

"थांबा," हेमांगी म्हणाली. आवाज तिलाच ओळखू आला नाही, इतका थंड होता. "सामायिकात फोन वाजवता? तुमच्या आईंना विचारा, कुणी असं करतं काय? संकल्प मोडतो."

"नाही, पण काळजी..."

"भांडं पडलं असेल. मांजर असेल. बघत राहा. आता पाचसहा श्वास जरा जवळजवळ येतील. मग पुन्हा लागेल ठेका. आणि सत्तावीस पुरे झाले की एक लांब श्वास येईल."

मुजावरांनी आरशातून मागे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे नजर वळवली.

"आला," अभिनंदन म्हणाला. आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. "लांब श्वास आला. तुम्हाला कसं कळलं अक्का?"

"आमच्या घरचा श्वास आहे तो," हेमांगी म्हणाली. "मी ओळखते."

"खरंय. रक्त कुठं जाणार." तो समाधानाने म्हणाला. "अगदी तुमच्या अप्पांसारखी बसते हं."

"अगदी."

तिने फोन ठेवला. पद्मजा हुंदका देऊन हसली, मग नुसतीच रडली, आणि मिरज येईपर्यंत तिला कुणी गप्प केलं नाही. दोन घटका संपून चकतीने घर रिकामं असल्याचं कळवलं तेव्हा धारवाडची गाडी फलाटावरून सुटली होती.

*

अभिनंदनने यंत्रावर अखेरपर्यंत विश्वास ठेवला. 'सोबत' म्हणत होती की पद्मजा त्या क्षणापर्यंत घरातच होती, म्हणून त्याची माणसं आजूबाजूच्या गल्ल्यांतच तिला शोधत राहिली. वॉचमन सांगत होता की वहिनी बऱ्याच आधी गेल्या. त्याला खोटारडा ठरवून कामावरून काढलं. पुढे कोर्टात अभिनंदनच्या वकिलाने पत्नी मनाने अस्थिर असल्याचं म्हटलं, तेव्हा पद्मजाच्या वकीलबाईंनी उभं राहून त्याच्याच नोंदी मागितल्या आणि वाचून दाखवल्या. "तुमच्या यंत्राप्रमाणे, साहेब, शेवटच्या महिन्यात सांगलीत हिच्याइतकी शांत बाई दुसरी नव्हती. मग अस्थिर कोण?" काढून टाकलेला वॉचमन आता मुजावरांच्या गॅरेजवर कामाला आहे. त्याची बायको आता राहते त्या घरात चकती नाही.

पद्मजा गेली त्यानंतरच्या रविवारी मुजावरांनी विचारलं होतं, "हे पिनचं गटावर टाकायचं का बाई? नियम आहे आपला. सगळं उघडं."

हेमांगीने आयुष्यात बनवलेली प्रत्येक गोष्ट उघड्यावर ठेवली होती. अट घातली होती, आणि अट सोडून बाकी सगळं लोकांनी उचललं होतं.

"नाही," ती म्हणाली. "हे लिहायचं नाही. सांगायचं. कंपनीला कळलं तर दुसऱ्या दिवशी भोक बुजवतील."

मुजावरांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग तिला चहा दिला.

ती दुकानात सांगते. नंबर तपासायला बाई येते, सोबत नवरा किंवा सासू असते. चष्म्याच्या खोलीत एकीलाच घेता येतं, दिवा मालवावा लागतो. अंधारात हेमांगी विचारते, वरची ओळ दिसते का, खालची दिसते का, आणि मग त्याच आवाजात, घरी छताला पांढरी चकती आहे का. ज्या पटकन 'हो' म्हणतात त्यांना ती काही सांगत नाही. ज्या उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघतात, त्यांच्या हातावर एक सेफ्टी पिन ठेवते. त्यातल्या काही बस्तीत सांगतात, काही दर्ग्यात, काही हळदीकुंकवाला. कागदावर कुणीही लिहिलेलं नाही.

वर्षाने कंपनीचा अहवाल वर्तमानपत्रात आला. पहिल्या पानावर, हसऱ्या कुटुंबाच्या फोटोसह. 'देशभरातल्या घरांत संध्याकाळी शांततेची लाट. विशेषतः महिलांमध्ये. लाखो श्वासांच्या अभ्यासातून तज्ज्ञांचा निष्कर्ष: सुरक्षित वाटलं की मन आपोआप स्थिर होतं.' खाली एक आलेख होता, हजारो घरांची सरासरी, शांतता सुरू झाल्या क्षणापासून मोजलेली. रेघ संथ वरखाली होत होती आणि बरोबर मध्यावर एक बारीकशी खाच होती. अहवालात म्हटलं होतं, 'या खाचेचं कारण अद्याप स्पष्ट झालेलं नाही.'

हेमांगीने काउंटरवर पेपर पसरला आणि त्या खाचेवर बोट ठेवलं. एवढ्या घरांत तेच एक पातेलं पडत होतं. ती रेघ जिथे जिथे उमटली, तिथली बाई त्या वेळी कुठे होती कुणास ठाऊक. न्हाणीच्या दारात रडत असेल. खिडकीत उभी असेल. निघून गेली असेल. मोजणाऱ्यांना एवढंच माहीत होतं की ती शांत आहे.

तिने सत्तावीस श्वास मोजले. राग उरला होता.

बाहेर एक बाई नवऱ्यामागे पायऱ्या चढून येत होती. हेमांगीने पेपर घडी करून ठेवला, ड्रॉवरमधून एक पिन काढून मुठीत घेतली आणि म्हणाली, "या ताई. आत या. साहेब, तुम्ही बाहेर बसा. खोलीत अंधार करावा लागतो."